अखंड त्वचा, टोचलेली त्वचा: वनस्पती-पुटिकांच्या पुराव्यांचा आढावा

त्वचेच्या निगेच्या बाजारात सध्या ‘एक्सोसोम’ या नावाला मोठी मागणी आहे. गुलाबाच्या पेशी, जिन्सेंगची मुळे, कोरफडीची साल, मंडूकपर्णीची पाने यांतून वेगळ्या काढलेल्या अतिसूक्ष्म पुटिका सुरकुत्या कमी करतात, डाग उजळतात, जखम लवकर भरून आणतात, असे दावे सीरमच्या बाटल्यांवर असतात. मुंबई-पुण्यातल्या त्वचा-क्लिनिकांच्या दरपत्रकांतही ते दिसू लागले आहेत. या दाव्यांमागे विज्ञानच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर गंभीर काम झाले आहे. पण ते सलग वाचत गेले की एक फट ठळकपणे दिसते. या पुटिका सुरक्षित आहेत असे मानायला जी कारणे आहेत, ती बहुतांशी अखंड त्वचेला लागू पडतात. त्या गुणकारी आहेत असे मानायला जी कारणे आहेत, ती बहुतांशी प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवरून किंवा लेझरने, सुईने उघडलेल्या त्वचेवरून आलेली आहेत. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात, मात्र त्या एकाच वापराबद्दल बोलत नाहीत. ग्राहकापुढे मात्र त्या एकत्र करून मांडल्या जातात: सुरक्षितता इकडची, फायदा तिकडचा. या लेखात हीच जोडणी तपासायची आहे.

आधी या पुटिकांचे खरे स्वरूप पाहू. प्राणी असो वा वनस्पती, पेशी आपल्या बाहेर स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी पापुद्र्याने वेढलेले बारीक कण सोडते. त्यांतल्या सर्वांत लहान कणांचा व्यास साधारण 30 ते 150 नॅनोमीटर असतो. 1967 साली गाजराच्या संवर्धित पेशींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करताना अशा पुटिका पेशीबाहेर पडत असाव्यात असे आढळले होते. त्या वेळी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1983 मध्ये मेंढीच्या आणि उंदराच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींवर काम करणाऱ्या दोन गटांनी त्यांचे बाहेर पडणे टिपले, आणि 1987 मध्ये रोझ जॉन्स्टोन यांच्या गटाने त्यांना ‘एक्सोसोम’ हे नाव दिले. पुढची बरीच वर्षे या पुटिका म्हणजे पेशीचा कचरा अशी समजूत होती. वनस्पतींच्या बाबतीत ती समजूत मोडणारा महत्त्वाचा पुरावा 2018 मध्ये आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील हाइलिंग जिन यांच्या गटाने दाखवले, की मोहरीच्या कुळातले अ‍ॅराबिडॉप्सिस हे रोप आपले लहान आरएनए पुटिकांत भरून बोट्रायटिस बुरशीत पोहोचवते आणि तिची रोग पसरवण्याची जनुके थंड करते. द्राक्ष बागायतदारांना जी करडी बुरशी चांगली ठाऊक आहे, तीच ही. म्हणजे वनस्पतींच्या पुटिका निरोप पोहोचवतात, तोही दुसऱ्या जातीच्या सजीवाला, ही गोष्ट खरी आहे. पुढचा सगळा उत्साह या खऱ्या गोष्टीवर उभा राहिला.

पण अ‍ॅराबिडॉप्सिसच्या पुटिका आणि बाटलीतल्या पुटिका एकाच रीतीने मिळालेल्या नसतात. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या प्रयोगात पानांच्या पेशींमधल्या मोकळ्या जागेत निर्वात दाबाने द्राव शिरवतात आणि पेशी न फोडता तो हलक्या फिरकीने बाहेर काढतात. त्यातून मिळते ते पेशीने स्वतःहून बाहेर सोडलेले. फळाच्या किंवा मुळाच्या ‘पुटिका’ काढताना बहुतेक वेळा आले, द्राक्ष किंवा कोरफड मिक्सरमधून काढली जाते. पेशी फुटतात, हरितलवकांचे आणि आतल्या पडद्यांचे तुकडे होतात, आणि स्निग्ध पडद्याच्या स्वभावानुसार ते तुकडे आपोआप मिटून गोल होतात. मग हा रस टप्प्याटप्प्याने फिरवतात. शेवटच्या टप्प्यात गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट किंवा त्याहून जास्त जोर असतो. तळाशी बसलेल्या साक्यात पेशीने सोडलेल्या खऱ्या पुटिका असतात, फुटक्या पडद्यांचे गोळे असतात, प्रथिनांच्या गाठी असतात, आणि फळाच्या सालीवर राहणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या त्याच आकाराच्या पुटिकाही असू शकतात. 2021 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन वनस्पती-पुटिकांसाठी नियमांची गरज मांडली ती याच कारणाने. पेशी-संवर्धनातून काढलेल्या पुटिका, उदाहरणार्थ गुलाबाच्या कॅलसमधून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यातून काढलेल्या, तुलनेने स्वच्छ असतात. त्यांत कीटकनाशकांचे अवशेष येत नाहीत आणि प्रत्येक घाण्यात सारखेपणा ठेवणे सोपे जाते. तरी ‘एका कुपीत अब्जावधी एक्सोसोम’ या दाव्याचा अर्थ जपूनच घ्यावा लागतो. मोजणी करणारे यंत्र द्रावात हलणाऱ्या कणांवरचा प्रकाश पाहून आकडा देते. तो कण खरी पुटिका आहे की प्रथिनाची गाठ, हे त्याला कळत नाही.

मग वनस्पतीच का निवडल्या गेल्या? कारणे वैज्ञानिक आहेत, तशी कायद्याचीही आहेत. मानवी मूलपेशींपासून काढलेले एक्सोसोम आधी बाजारात आले. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेब्रास्का राज्यातल्या रुग्णांना मंजुरी नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांमुळे गंभीर त्रास झाल्यावर जाहीर इशारा दिला आणि असे एकही उत्पादन मंजूर नसल्याचे स्पष्ट केले. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमावलीत मानवी पेशी, ऊती आणि त्यांपासून बनवलेले पदार्थ वापरायला बंदी आहे. वनस्पतींच्या पुटिकांना ही बंदी लागू होत नाही. त्यांतून मानवी विषाणू येण्याचा धोका नाही, दात्याची तपासणी नको, कच्चा माल स्वस्त आणि मुबलक. हे फायदे खरे आहेत. मानवी एक्सोसोमच्या तुलनेत वनस्पती-पुटिकांची बाजू यामुळे भक्कम होते, हे मान्य करायला हवे. पण एका जोखमीच्या वस्तूपेक्षा दुसरी कमी जोखमीची आहे, एवढ्यावरून ती तपासून सुरक्षित ठरली असे होत नाही. आणि ती गुणकारी आहे, हे तर त्यातून अजिबातच सिद्ध होत नाही.

गुणांच्या पुराव्यात प्रयोगशाळेतली बाजू समृद्ध आहे. 2019 मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी गव्हांकुराच्या रसातून काढलेल्या पुटिका मानवी त्वचेच्या पेशींवर वापरल्या; पेशींची वाढ आणि ओरखड्याच्या जागेकडे सरकण्याचा वेग दोन्ही वाढले. 2020 मध्ये कोरियात डेंड्रोपॅनॅक्स या झाडाच्या पाना-देठांतल्या पुटिकांनी उंदराच्या रंगपेशींतले मेलॅनिन घटवले, तेही त्वचा उजळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आर्ब्युटिनपेक्षा जास्त. 2021 मध्ये कोरफडीच्या सालीतल्या पुटिकांनी ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी लढणारी पेशींची स्वतःची यंत्रणा जागी केली, आणि जिन्सेंगच्या पुटिकांनी थकलेल्या त्वचा-पेशींतली वार्धक्याची चिन्हे कमी केली. 2022 मध्ये सफरचंदाच्या पुटिकांवरच्या अभ्यासात कोलॅजन वाढल्याचे आणि ते तोडणारी विकरे कमी झाल्याचे दिसले. इतक्या वेगवेगळ्या वनस्पती आणि प्रयोगशाळा एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर त्यात काही तथ्य आहे असे मानायला हरकत नाही. प्रश्न आहे तो हे तथ्य कशाचे, हा. यांतल्या अनेक प्रयोगांत एका बशीत पुटिका घातल्या आणि दुसऱ्या बशीत नुसता क्षारद्राव. कोरफड आणि जिन्सेंग यांचा साधा अर्कही पेशींवर परिणाम करतो, हे आधीपासून माहीत आहे. म्हणून पुटिकेची खरी स्पर्धा त्याच वनस्पतीच्या, त्याच मात्रेच्या साध्या अर्काशी आहे. ती तुलना झाल्याशिवाय परिणाम पुटिकेचा की तिला चिकटून आलेल्या फ्लॅव्होनॉइडसारख्या वनस्पती-रसायनाचा, हे सांगता येत नाही, आणि महागड्या बाटलीची जास्तीची किंमत नेमकी कशासाठी, तेही नाही.

परिणाम पुटिकांमुळेच होतो असे म्हणणारे सहसा त्यांतल्या सूक्ष्म-आरएनएकडे बोट दाखवतात: वनस्पतीचा निरोप माणसाच्या जनुकांना मिळतो, ही कल्पना. हिचा इतिहास सावधगिरी शिकवणारा आहे. 2012 मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या गटाने तांदळातला सूक्ष्म-आरएनए खाल्ल्यावर रक्तात उतरतो आणि यकृतातल्या एका प्रथिनावर परिणाम करतो, असे जाहीर केले. 2013 मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांवर तोच प्रयोग केला तेव्हा ते आढळले नाही. मात्रेचा प्रश्नही आहेच. मानवी पुटिकांची 2014 मध्ये काटेकोर मोजणी झाली, तेव्हा एखाद्या ठरावीक सूक्ष्म-आरएनएची सरासरी एका पुटिकेमागे एक प्रतही भरली नाही. बुरशीच्या बाबतीत निरोप पोहोचतो, कारण रोप आणि बुरशी यांची ती लाखो वर्षांची झटापट आहे. माणसाच्या त्वचेशी गुलाबाचे असे काही नाते नाही. पुटिकेतली स्निग्ध द्रव्ये, प्रथिने आणि वनस्पतीची इतर रसायने एकत्रितपणे काम करत असतील ही शक्यता जास्त पटणारी आहे. आणि ती खरी असेल तर पुटिका हे मुख्यतः वाहन ठरते. वाहनाबाबत पहिला प्रश्न हाच, की ते पोहोचते का.

इथे अखंड त्वचा आडवी येते. सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण बाहेरच्या वस्तूंना रोखणे हेच त्याचे काम आहे. 2000 साली बॉस आणि मेइनार्डी यांनी मांडलेला अंदाज आजही मार्गदर्शक मानला जातो: साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहज आत जात नाहीत. शंभर नॅनोमीटरच्या पुटिकेचे वजन कोट्यवधी डाल्टन भरते. यावर उत्तर दिले जाते, की पुटिकेचा पडदा त्वचेतल्या स्निग्ध द्रव्यांत मिसळतो आणि आतला माल खाली उतरतो. शिवाय केसांच्या मुळांची वाट आहेच. दोन्ही मुद्दे निराधार नाहीत. चोळल्यावर काही शे नॅनोमीटरचे कण केसांच्या मुळांत खोलवर जातात असे अभ्यास आहेत. पण याच वाटेचा अनुभव आपण लिपोसोमच्या, म्हणजे स्निग्ध पडद्याच्या कृत्रिम पुटिकांच्या रूपाने घेतलेला आहे. लिपोसोमची प्रसाधने 1986 पासून बाजारात आहेत, आणि अखंड लिपोसोम जिवंत थरापर्यंत पोहोचतात का, यावरचा वाद इतक्या वर्षांनीही पूर्ण मिटलेला नाही. त्यात पुटिका ज्या क्रीममध्ये घालतात, तीच त्यांना घातक ठरू शकते. आपला कण खरोखर पडद्याचा आहे हे दाखवायला प्रयोगशाळेत त्यात डिटर्जंट घालतात. पडदा विरघळला की पुटिका होती हे सिद्ध होते. क्रीम आणि फेसवॉशमध्ये तेल-पाणी एकत्र ठेवणारी द्रव्येही डिटर्जंटप्रमाणे पृष्ठभागावर काम करणारीच असतात. शिवाय प्रयोगशाळेत उणे 80 अंश सेल्सिअसला जपलेली पुटिका स्नानगृहातल्या कपाटात सहा महिने तशीच राहते का, हे ताज्या पुटिकांवरच्या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी तयार बाटलीच तपासावी लागते.

माणसांवरच्या चाचण्यांकडे वळले की चित्र आणखी विरळ होते. या क्षेत्रात वारंवार दाखला दिला जातो तो 2020 सालच्या कोरियन चाचणीचा. मुरुमांचे व्रण असलेल्या 25 रुग्णांच्या चेहऱ्यावर लेझर उपचार करून एका बाजूला एक्सोसोमचे जेल, दुसऱ्या बाजूला साधे जेल लावले. बारा आठवड्यांनी व्रणांचा गुणांक एका बाजूला 32.5 टक्के, तर दुसऱ्या बाजूला 19.9 टक्के घटला. आराखडा नेटका होता, अर्ध्या चेहऱ्याची तुलना आणि दोन्ही बाजूंनी गुप्तता पाळलेली. पण ते एक्सोसोम मानवी चरबीतल्या मूलपेशींचे होते, आणि त्वचा लेझरने उघडलेली होती. वनस्पती-पुटिकांच्या सीरमची शिफारस करताना हा निकाल पुढे केला जातो, तेव्हा उगमही बदललेला असतो आणि वाटही. स्वतः वनस्पती-पुटिकांवर जे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत, ते बरेचसे थोड्या रुग्णांच्या, तुलनेचा गट नसलेल्या नोंदींच्या स्वरूपात आहेत. सुईने टोचल्यावर त्वचा स्वतःच कोलॅजन तयार करते, त्यामुळे अशा नोंदीत श्रेय सुईचे किती आणि कुपीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. त्वचेच्या बाबतीत पक्का पुरावा मिळवणे अशक्य नाही, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. नॅम्बूर गावातल्या 903 प्रौढांना साडेचार वर्षे पाहिल्यावर, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य 24 टक्के कमी आढळले. तो निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मोजपट्टीशेजारी पुटिकांची आजची पुंजी ठेवली, तर फरक आपोआप कळतो.

आता सुरक्षितता. अखंड त्वचेवर लावलेल्या वनस्पती-पुटिकांबद्दल आतापर्यंत काळजीचे फारसे काही समोर आलेले नाही. बशीतल्या पेशींना त्या वापरातल्या मात्रेत सहसा मारत नाहीत, त्यांची संख्या स्वतःहून वाढत नाही, आणि मुळात त्या फारशा आत जात नाहीत. त्या सुरक्षित वाटण्याचे एक मोठे कारण त्या आत न जाणे हेच असू शकते. मग ‘आत खोलवर जाऊन पेशींना संदेश देते’ हा दावा आणि ‘अगदी निर्धोक आहे’ हा दावा एकाच पुराव्यावर उभे करता येत नाहीत. समर्थकांचा दुसरा मुद्दा असा, की गहू, द्राक्ष, आले आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, मग त्यांच्या पुटिकांची भीती कशाला? याला जपानने फार महागात उत्तर दिले आहे. तिथे चेहरा धुण्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाची आम्लाने विघटित केलेली प्रथिने घातलेली होती. त्वचेतून आणि डोळ्या-नाकाच्या नाजूक अस्तरातून ती रोज शरीराला भेटत राहिली, आणि आयुष्यभर सुखाने गहू खाल्लेल्या माणसांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. काहींना पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर जीवघेणी प्रतिक्रिया आली. 2011 मध्ये साबण मागे घेतला गेला; ऑक्टोबर 2014 पर्यंत निदान निश्चित झालेल्या रुग्णांची संख्या 2,111 झाली होती. पोटाच्या वाटेने ओळखीचा असलेला पदार्थ त्वचेच्या वाटेने शत्रू ठरू शकतो. पुटिकांमध्ये त्या वनस्पतीची प्रथिने असतातच, म्हणून गहू, सोया किंवा शेंगदाण्याच्या पुटिकांचे पहिले परीक्षण अ‍ॅलर्जीचे व्हायला हवे. लिंबूवर्गीय फळांच्या बाबतीत उन्हात त्वचा भाजणारी फ्युरोकुमारिन द्रव्ये तपासायला हवीत; ती स्निग्धप्रेमी आहेत, त्यामुळे पडद्यात मुरून येण्याची शक्यता आहे. जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, हे तर बिब्बा ठाऊक असलेल्या मराठी घराला सांगायला नको. बिब्ब्याचे तेल उतल्यावर त्वचेची काय अवस्था होते, ते अनेकांनी पाहिले आहे.

सुई आली की सुरक्षिततेचा हिशेब मुळापासून बदलतो. क्लिनिकमध्ये दिसते ते असे: कुपीतली गोठवून वाळवलेली पूड द्रावात मिसळतात, चेहऱ्यावर अर्धा ते दोन मिलिमीटर लांबीच्या सुयांचे यंत्र फिरवतात आणि लालसर झालेल्या त्वचेवर ते मिश्रण चोळतात. जो थर आतापर्यंत राखण करत होता, त्यात हजारो छिद्रे पडलेली असतात आणि वरून लावलेले थेट रक्तवाहिन्यांच्या, प्रतिकार-पेशींच्या शेजारी पोहोचते. 2014 मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी तीन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. सूक्ष्म सुया फिरवताना त्यांना क जीवनसत्त्वाचे सीरम किंवा तशी इतर प्रसाधने लावली होती, आणि चेहऱ्यावर अ‍ॅलर्जीच्या कठीण गाठी उठल्या. त्वचेवर लावायला बनवलेली द्रव्ये त्वचेत गेली, इतकाच काय तो फरक. वनस्पती-पुटिकांत याच्या जोडीला जिवाणूंच्या आवरणातले विष, मातीतले बीजाणू, कीटकनाशकांचे अवशेष हे प्रश्न येतात. अखंड त्वचेवर ते क्षुल्लक असतील, पण टोचलेल्या त्वचेसाठी इंजेक्शनच्या दर्जाचे निर्जंतुकीकरण आणि चाचणी हवी, आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवलेल्या कुपीकडून ती गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे आणखी एक बाब आहे. भारतीय त्वचेत दाह झाला की तिथे काळे डाग मागे राहण्याची शक्यता जास्त असते. डाग घालवायला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नवा डाग उमटणे, ही जोखीम खर्चाच्या आकड्याइतक्याच स्पष्टपणे आधी सांगितली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की प्रसाधनाला औषधाइतका पुरावा मागणे अवाजवी आहे. हे बरोबर आहे, जोवर दावा प्रसाधनाचा आहे. त्वचा मऊ राहते, ओलावा टिकतो, ताजी दिसते, एवढेच म्हणायचे असेल तर वनस्पती-पुटिकांचे क्रीम इतर कोणत्याही चांगल्या क्रीमच्या रांगेत बसते आणि ते विकायला कोणाची हरकत नसावी. पण पेशींची पुनर्बांधणी, व्रणांवर उपचार, केस पुन्हा उगवणे असे म्हटले, की दावा उपचाराचा होतो. भारतात 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 ची सौंदर्यप्रसाधन नियमावली यांतही ही सीमा आहे; दावा बदलला की वस्तूचा कायदेशीर वर्ग बदलतो आणि पुराव्याची पातळीही. दुसरा आक्षेप असा, की शास्त्र तरुण आहे, फार कडक झालो तर ते कोमेजेल. मला वाटते, त्याला खरा धोका उलट बाजूने आहे. दाव्यांना पुरावा नाही असे लोकांच्या लक्षात आले, की बाजारातल्या फसवणुकीची शिक्षा प्रयोगशाळेतल्या प्रामाणिक कामाला भोगावी लागते. आणि मागणी काही अशक्य नाही. एकाच वनस्पतीची पुटिका आणि तिचाच साधा अर्क, दोन्ही सारख्या क्रीममध्ये, एकाच माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना, बारा आठवडे, कोणत्या बाजूला काय आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला न कळता. कोरियातल्या 25 रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले आहे, की हे काम थोड्या माणसांत आणि थोड्या महिन्यांत सुरू करता येते.

तोवर सध्याच्या पुराव्यावरून निवाडा असा निघतो. अखंड त्वचेवर, अ‍ॅलर्जीची चाचणी करून, वनस्पती-पुटिकांचे प्रसाधन वापरायला मोठा धोका दिसत नाही. पण त्याच वनस्पतीच्या साध्या अर्कापेक्षा ते जास्त काही करते, हे माणसांवर पटण्याजोगे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला आज वैज्ञानिक आधार नाही. टोचलेल्या त्वचेवर परिणाम होण्याची शक्यता वाढते, पण अखंड त्वचेवरून मिळालेला सुरक्षिततेचा दिलासा तिथे लागू होत नाही. म्हणून जी कुपी निर्जंतुक नाही किंवा त्या वापरासाठी मंजूर नाही, ती सुईबरोबर वापरली जाऊ नये. उत्पादकांनी पुटिकांची संख्या सांगताना शुद्धता, मूळ वनस्पतीचा भाग, काढण्याची पद्धत आणि तयार बाटलीतला टिकाऊपणाही सांगितला पाहिजे. त्वचातज्ज्ञांनी रुग्णाला सांगताना पुरावा मानवी पुटिकांचा की वनस्पतींच्या, अखंड त्वचेचा की टोचलेल्या, हे वेगळे करून सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात प्रसाधन-निर्मितीचे परवाने देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने उपचाराचे दावे करणाऱ्या वेष्टनांकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे. चेहरा घेऊन क्लिनिकमध्ये बसलेल्या माणसाला एवढे तरी कळायला हवे, की त्याला दाखवलेला पुरावा त्याच्यावर होणाऱ्या उपचाराचाच आहे की दुसऱ्या कुठल्या. हा प्रश्न विचारायचा त्याला हक्क आहे, आणि ज्याच्याकडे याचे सरळ उत्तर नाही, त्याच्या हातात सुई देऊ नये.